परत फिरण्याचा धर्म

सुट्टीचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या सीमाभागातील घराघरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. कोणाचा मुलगा पुण्याहून येतो, कोणाची लेक हैदराबादेहून येते. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद येथील वाड्यांच्या अंगणांत भाड्याच्या गाड्या उभ्या राहतात. दशम्यांची आणि चटणीची पुडकी बांधली जातात, आणि गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असा बेत ठरतो. तीर्थयात्रा कोठे संपते व सहल कोठे सुरू होते, हे आता सांगता येत नाही. त्यात काही वावगे आहे असे आम्ही मानीत नाही. देवाच्या निमित्ताने चार भावंडे एका गाडीत बसतात, हेही देवाचेच देणे होय.

परंतु आनंदासाठी काढलेला असा प्रवास जेव्हा अनर्थात संपतो, तेव्हा मागे राहिलेल्यांपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. हे दैवाने घडले की आमच्या हातून घडले? दोष द्यावयाचा तर कोणास? ज्याने बेत काढला त्यास, ज्याने पैसा खर्च केला त्यास, की ज्याने धोका पाहिला आणि जो गप्प राहिला त्यास? हा प्रश्न आम्ही पोथीत वाचून मांडीत नाही. तो आमच्या घरी गेली काही वर्षे पाहुण्यासारखा येऊन बसला आहे आणि उठावयास तयार नाही. म्हणून प्रथम आमच्या घरचीच हकिकत सांगतो.

२०२२ च्या श्रावणात आमचे काका चार दिवसांची रजा काढून पुण्याहून आले. कारखान्यातील नोकरी, रजा मिळणे दुर्मीळ. त्यांनी स्वखर्चाने गाडी ठरविली आणि हुमनाबाद तालुक्यातील आमच्या गावाहून आम्ही नऊ माणसे पहाटे निघालो. वडिलांनी संगमस्नानाचा व अभिषेकाचा संकल्प केला होता. कलबुर्गी मागे टाकून आम्ही भीमा व अमरजा यांच्या संगमावर पोहोचलो, तेव्हा आकाश निरभ्र होते. ऊन पडले होते. पावसाचा थेंब नव्हता.

येथे भीमेचा स्वभाव सांगितला पाहिजे. ही नदी भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते. सह्याद्रीत पडलेला पाऊस उजनीच्या धरणात साठतो. धरण भरले की पाणी खाली सोडतात, नीरेचे पाणी तीस मिळते, आणि पंढरपुरावरून ते पुढे अफजलपूर तालुक्यात उतरते. म्हणजे संगमावर कोरडे ऊन असता नदी चढू शकते. कारण तिचे मेघ तेथून कित्येक कोसांवर बरसलेले असतात. नदीकाठच्या लोकांस हे ठाऊक असते. ऑक्टोबर २०२० मध्ये व पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील गावांची केवढी दैना केली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आम्ही आत्याचा तांब्या व कोरडी वस्त्रे सांभाळीत पायऱ्यांवर उभे होतो. आलो तेव्हा जी पायरी कोरडी होती, ती ओली झालेली आम्ही पाहिली. पाण्याचा रंग गढूळ तांबूस झाला होता, आणि वरून गवताच्या पेंढ्या व काटक्या वाहत येत होत्या. काठावरचा एक नावाडी कन्नडात कोणास तरी म्हणत होता की पाणी येत आहे. आम्हांस कन्नड समजते. आम्ही ऐकले, समजलो, आणि काहीही बोललो नाही.

का बोललो नाही, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. वडिलांचा संकल्प मोडावयाचा नव्हता. काकांचा खर्च व रजा वाया घालवावयाची नव्हती. घरात आमच्याहून वडील अशी सहा माणसे होती. त्यांच्यापैकी कोणी बोलत नाही, तेथे आपण कोण? आणि सर्वांत खोल असे कारण हे की, पुजाऱ्याच्या मुलाने तीर्थाच्या पाण्याला भ्यावे याची आम्हांस लाज वाटली. भक्तीच्या नावाखाली लपलेला तो अहंकार होता, हे तेव्हा कळले नाही.

पुढचे सर्व दोन-तीन निमिषांत घडले. काकांची नऊ वर्षांची मुलगी खालच्या पायरीवरून घसरली; तिला धरावयास आत्या झेपावली; आणि दोघींनाही प्रवाहाने ओढले. त्या नावाड्याने उडी घेतली. मुलगी हाती लागली. आत्या दगडावर आपटली व तेथेच अडकली, म्हणून वाचली. परंतु तिचे कमरेचे हाड मोडले, आणि आज ती काठी घेऊन चालते. यात्रा तेथेच संपली. ना अभिषेक, ना पादुकांचे दर्शन.

त्या सायंकाळी कलबुर्गीच्या एका दवाखान्याच्या ओसरीत दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले. काका म्हणाले, “दादा, तुझ्या संकल्पापायी हे झाले.” वडील म्हणाले, “तुझ्या घाईपायी झाले. मी पुढच्या महिन्यात जाऊ म्हणत होतो.” त्यानंतर त्या दोघांत बोलणे उरले नाही. त्या सहलीने आमच्या घरातील एकही माणूस नेले नाही. परंतु दोन भावांचे बोलणे नेले. आणि ज्याने ओली पायरी पाहिली होती, तो भिंतीशी उभा राहून दोघांचे ऐकत होता.

वाचकहो, अशा प्रसंगी दोन उत्तरे तत्काळ तयार असतात. एक म्हणते, “दैवात होते, झाले.” दुसरे म्हणते, “मूर्खपणा, दुसरे काय?” ही दोन्ही उत्तरे विचार टाळण्याच्या युक्त्या आहेत असे आम्हांस वाटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. या क्रमाकडे आम्ही प्रथम कधी लक्ष दिले नव्हते. दैव नाही असे तेथे म्हटलेले नाही. परंतु ते पाचवे आहे, पहिले नव्हे. आम्ही मात्र अनर्थ घडला की पहिल्या चारांस न विचारता थेट पाचव्याच्या दारी जाऊन बसतो. स्थळ कसे होते, करणारा कोण होता, साधने कोणती होती, हालचाल काय केली, हे चार प्रश्न विचारून झाल्यावर जे उरेल ते दैव. त्यापूर्वी दैवाचे नाव घेणे हा दैवावर आळ घेणे होय.

अलीकडील दोन दुर्घटना या दृष्टीने पाहाव्यात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईस गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीची लेणी पाहावयास निघालेल्या ‘नीलकमल’ नावाच्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका येऊन आदळली. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालली होती. पंधरा माणसे प्राणास मुकली. दुपारची वेळ, शांत समुद्र, आणि रोज हजारो माणसे जातात ती वाट. बोटीत मुलाबाळांसह बसलेल्या कुटुंबांना अनर्थाची कोणती खूण दिसणार होती? त्यांच्यापुरते ते दैवच म्हटले पाहिजे. परंतु लक्षात घ्यावे की, प्रवाशांचे जे दैव, ते दुसऱ्या कोणाचे तरी कर्म होते. चाचणी कोठे घ्यावी, प्रवाशांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे का नसावीत, हे माणसांनी ठरवावयाचे प्रश्न होते. आणि त्या अपघातानंतर तेथील बोटींत ती जाकिटे घालणे सक्तीचे करण्यात आले. जे दैव एका आदेशाने टळू शकते, त्याला निखळ दैव कसे म्हणावे?

दुसरी घटना त्याच वर्षीच्या ३० जूनची. लोणावळ्यास भुशी धरण आहे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ते पूर्वी बांधले गेले. रविवारचा दिवस होता. पुण्याच्या हडपसर भागातील एक मोठे कुटुंब त्या धरणामागील धबधब्यापाशी वर्षाविहारास गेले होते. पाणी एकाएकी वाढले. प्रवाहाच्या मध्यावर एका खडकावर मुलेमाणसे एकमेकांना घट्ट धरून उभी होती. काठावरून लोक ओरडत होते, आणि मग तो घोळका वाहून गेला. काही जण बाहेर आले. एक स्त्री आणि चार मुले गेली. ते चित्रण देशभर लोकांनी पाहिले, आणि कित्येकांनी घरबसल्या निकाल दिला की हे लोक अविचारी होते.

आम्हांस तसे म्हणवत नाही. संगमाच्या पायरीवर जो उभा राहिला, त्याला ते म्हणवणार नाही. प्रवाहात प्रथम पाऊल टाकताना पाणी घोट्याइतकेच असते. मग ते थोडे वाढते, आणि मनुष्य म्हणतो, आणखी थोडा वेळ. धोका नगारा वाजवीत येत नाही. तो बोटाबोटाने चढतो. प्रत्येक बोटाला मनुष्य समजूत घालतो की मघापेक्षा फारसे वेगळे नाही. ज्यांनी शेवटच्या क्षणी एकमेकांचे हात सोडले नाहीत, त्यांच्या प्रेमात उणे नव्हते. उणे पडले ते त्याआधीच्या घटकेत, जेव्हा ‘चला, बाहेर निघू’ हे तीन शब्द अजून स्वस्त होते.

मग हे शब्द का निघत नाहीत? या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर आम्हांस दूर अमेरिकेतील एका घरच्या हकिकतीत सापडले. जेरी हार्वे नावाच्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७४ साली ती एका लेखात सांगितली. टेक्सास प्रांतातील कोलमन या गावी सासुरवाडीस ते उतरले होते. उन्हाळ्याची दुपार, तापमान १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० अंश सेल्सिअस, आपल्या कलबुर्गीच्या उन्हाळ्यासारखेच. घरात पंखा होता, थंड सरबत होते, सर्व सुखात होते. इतक्यात सासरे म्हणाले की आपण अॅबिलीन गावी जेवावयास जाऊ. ते गाव सुमारे ८५ किलोमीटर दूर. मुलीने रुकार दिला, जावयाने दिला, सासूने दिला. धुळीतून, भट्टीसारख्या तापलेल्या मोटारीतून ते गेले, बेचव जेवले, आणि चार तासांनी थकून परत आले. तेव्हा उलगडा झाला की जाण्याची इच्छा कोणालाच नव्हती! सासऱ्यांनी केवळ पाहुण्यांना कंटाळा येईल म्हणून सुचविले होते, आणि इतरांनी केवळ त्यांचे मन मोडू नये म्हणून होकार दिला होता. चार शहाणी, परस्परांवर प्रेम करणारी माणसे, आणि चौघांनी मिळून असे काही केले की जे त्यांच्यापैकी एकासही नको होते.

हार्वे यांच्या घरी बेचव जेवणावर भागले. आमच्या घरी आत्याचे हाड मोडले. परंतु मूळ एकच. आमच्या वडिलांना त्या दिवशी संगमावर पाण्याचा रंग खटकला होता, हे त्यांनी आम्हांस पुढे सांगितले. पण काकांनी एवढा खर्च केला, त्यांचा विरस नको, म्हणून ते गप्प राहिले. काकांनाही गर्दीत मुलीला खाली नेऊ नये असे वाटत होते. पण दादांचा संकल्प, म्हणून ते गप्प राहिले. म्हणजे आम्ही सर्वांनी एकमेकांसाठी मौन पाळले, आणि त्या मौनाचे मोल आत्याने दिले. आपल्या घरांतून मर्यादेला मोठे स्थान आहे आणि ते असावे. परंतु वडीलधाऱ्यांचा मान राखणे म्हणजे त्यांना पुरात एकटे सोडणे नव्हे. ज्याने खूण पाहिली त्याने बोलावे. वय, नाते, संकल्प, खर्च यांपैकी कशानेही ते कर्तव्य सुटत नाही. आणि याची दुसरी बाजू अशी की, लहानाने बोलावे असे ज्यांना वाटते, त्या थोरांनी ते ऐकण्याची सवय आधी, साध्या दिवशी, घरातच लावली पाहिजे. जेथे एरवी मुलाचे बोलणे ‘तुला काय कळते’ म्हणून तोडले जाते, तेथे तो नदीकाठी एकाएकी बोलू लागेल ही अपेक्षा व्यर्थ होय.

आणि संकल्पाचे काय, असे कोणी विचारील. देवापुढे शब्द दिला, तो मोडावा काय? पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या आम्हांस हा प्रश्न सोपा नाही. परंतु आमच्या अल्पमतीस असे वाटते की, स्नानाचा संकल्प हा देवाशी केलेला व्यवहार नव्हे की मुदत टळली तर दंड पडावा. तांब्यात पाणी घेऊन काठावर उभे राहून ते मस्तकी लाविले असते, तरी ती भीमाच होती. ज्या ईश्वरास आपण करुणाकर म्हणतो, तो लेकराला पुरात ढकलून आपला संकल्प पुरा करून घेईल असे मानणे, ही त्याची निंदाच आहे.

आता प्रश्नाचा उत्तरार्ध राहिला. अनर्थ घडून गेल्यावर काय करावे? येथे महाभारतातील एक प्रसंग आम्हांस वाट दाखवितो. वनपर्वात घोषयात्रेची कथा आहे. पांडव द्वैतवनात वनवास भोगीत असता, दुर्योधन भाऊ, स्त्रिया व सैन्य यांसह गाईगुरांची पाहणी करण्याच्या मिषाने तेथे सहलीस निघाला. अंतरीचा हेतू आपले वैभव पांडवांना दाखवून हिणविण्याचा होता. धृतराष्ट्राने प्रथम हरकत घेतली, पण मग अनुमती दिली. सरोवरावर गंधर्वांनी आधीच तळ दिला होता. त्यांनी कौरवांच्या माणसांना परत जावयास सांगितले. दुर्योधनाने मानले नाही. युद्ध जुंपले, कर्णासही रण सोडावे लागले, आणि चित्रसेन गंधर्वाने दुर्योधनाला स्त्रियांसह बांधून नेले. सहलीचा असा विचका क्वचितच झाला असेल!

त्याचे मंत्री धर्मराजाकडे धावत आले, तेव्हा भीमास आनंदच झाला; जे आम्ही करावयाचे ते गंधर्वांनी केले, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. परंतु धर्मराजाने त्यास थांबविले. ही वेळ टोमण्यांची नव्हे. आपसात भांडताना आपण पाच व ते शंभर असू, पण संकटात सर्व एकच कुळ, अशी त्याची भूमिका. त्याने भावांना सोडवावयास धाडले. आणि दुर्योधन सुटून समोर आला तेव्हा त्याला हिणविले नाही. असे साहस पुन्हा करू नकोस, इतकेच सांगून घरी जाण्यास निरोप दिला. पाहा, दोष सांगितलाच नाही असे नाही. तो सांगितला, परंतु सुटकेनंतर सांगितला, थोडक्यात सांगितला, आणि एकदाच सांगितला.

दुर्योधनाचा हेतू तर मत्सराचा होता. आमच्या घरच्या दोघा भावांचा हेतू निर्मळ होता. तरी शत्रूस जी दया धर्मराजाने दाखविली, ती सख्ख्या भावांना एकमेकांना दाखविता आली नाही. याचे कारण दुष्टपणा नव्हे. अपराधाचे ओझे एकट्याने उचलवत नाही म्हणून मनुष्य ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू पाहतो; दुसराही तेच करतो; आणि ओझे दोघांच्या मध्ये पडून राहून वाट अडते. ते उठवावयाचे तर कोणी तरी येऊन आपला वाटा उचलला पाहिजे. फार नव्हे, आपला तेवढाच.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, आम्ही वडिलांपाशी बसलो आणि ओल्या पायरीची, काटक्यांची आणि नावाड्याच्या बोलण्याची सर्व हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तेव्हाच का बोलला नाहीस?” आम्हांस उत्तर नव्हते. देवघरातील समईची वात त्यांनी सारखी केली, आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, “बोलला असतास, तर मी ऐकले असते का?”

तेच आम्ही काकांनाही पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले नाही. परंतु भाऊबीजेला आत्याकडे दोघेही गेले होते आणि एका पंक्तीस जेवले, असे आत्याने सांगितले. बोलले काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “दादाने भात वाढायला सांगितला. धाकट्याने वाढला.” याहून अधिक आम्ही मागत नाही.

आमच्या घरी आता एक नियम झाला आहे, तो मंदिराच्या सभासद कुटुंबांपुढे नम्रपणे ठेवून हे लेखन संपवितो. प्रवासास निघताना गाडीपुढे नारळ फोडतो, त्या वेळी सर्वांनी ऐकावे असे एक वाक्य घरातील वडील माणसाने उच्चारावयाचे : वाटेत कोणीही, लहानात लहान मुलानेही, ‘परत फिरू या’ म्हटले, तर आधी परत फिरावयाचे आणि कारण घरी आल्यावर विचारावयाचे. कदाचित एखादे वेळी ते भय निष्कारण ठरेल, दर्शन चुकेल, भाड्याचे पैसे बुडतील. देव तेथेच आहे. तो पुढच्या वर्षीही तेथेच असेल. आपण सर्व असू, एवढेच पाहावयाचे.